एक जू, अनेक जोड्या

इंग्रजीतील ‘कॉन्जुगेशन’ हा शब्द विद्यार्थ्याला प्रथम भेटतो तो व्याकरणाच्या तासाला. पुढे तो विज्ञानाकडे वळला म्हणजे जीवशास्त्रात, रसायनशास्त्रात आणि गणितातही त्याची या शब्दाशी पुन्हा गाठ पडते. मात्र प्रत्येक ठिकाणी अर्थ निराळा असतो.

लॅटिनमध्ये ‘युगुम’ म्हणजे बैलांच्या मानेवरचे जू. संस्कृतातील ‘युज्’ व ‘युग’ आणि मराठीतील ‘जू’ हे शब्द याच कुळातील होत. एका जुवाखाली जोडणे, हा येथे मूळ अर्थ.

व्याकरणात ‘जातो, गेला, जाईल, जावा’ अशी एकाच क्रियापदाची रूपे जणू एका जुवाला जुंपलेली असतात. मराठी वैयाकरण त्यांचा विचार ‘आख्यात’ या नावाखाली करतात. परंतु लॅटिन व्याकरणात चार ‘कॉन्जुगेशन’ आहेत असे म्हणतात, तेव्हा तो शब्द क्रियापदांचे वर्ग दाखवितो. संस्कृतात धातूंचे दहा गण आहेत, त्यांसारखेच हे वर्ग होत.

जीवशास्त्रात दोन पेशी जवळ येऊन आनुवंशिक द्रव्य देतात वा घेतात, त्यास ‘संयुग्मन’ म्हणतात. जीवाणूंमध्येही जनुकांची देवघेव होते, हे १९४६ साली जोशुआ लेडरबर्ग व एडवर्ड टाटम यांनी दाखविले. प्रतिजैविक औषधांना न जुमानण्याची शक्ती एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे जाते, ती पुष्कळदा याच मार्गाने.

रसायनशास्त्रात कार्बनच्या साखळीत एकेरी व दुहेरी बंध आळीपाळीने आले म्हणजे ते ‘संयुग्मी’ होत. गाजरातील बीटा-कॅरोटीनमध्ये असे ११ दुहेरी बंध असतात, आणि गाजराचा केशरी रंग हे त्यांचेच कार्य होय. गणितात संमिश्र संख्येच्या केवळ काल्पनिक भागाचे चिन्ह बदलले की तिची जोडीदार संख्या मिळते. दोहोंचा गुणाकार नेहमी वास्तव संख्याच येतो.

अशा शब्दाला एकच प्रतिशब्द ठरवून तो सर्वत्र योजावा, असा मोह भाषांतरकाराला होतो. परंतु व्याकरणाच्या पुस्तकात ‘संयुग्मन’ आले, तर वाचक पेशी शोधू लागेल. जीवशास्त्रात ‘आख्यात’ आले, तर त्याला काहीच उमगणार नाही. वस्तुतः मराठीलाही ही अडचण अपरिचित नाही. ‘धातू’ म्हणजे व्याकरणात क्रियापदाचे मूळ, रसायनशास्त्रात लोखंड वा तांबे आणि आयुर्वेदात रस, रक्त आदी सात शरीरघटक. आयुर्वेदातील सप्तधातूंचे इंग्रजी भाषांतर कोणी लोखंड-तांब्याच्या अर्थाने केले, तर किती अनर्थ होईल!

महाराष्ट्राचे भाषा संचालनालय १९६० साली आणि केंद्राचा वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोग १९६१ साली स्थापन झाला. दोघांनीही विषयवार कोश काढले, त्यामागील एक कारण हेच. म्हणून प्रतिशब्द शोधणाऱ्याने शब्द कोणता, याआधी शास्त्र कोणते, हे विचारावे.