शंभराला पाच

बेंगळुरूच्या मेट्रोत हिरव्या मार्गावर ‘सँडल सोप फॅक्टरी’ नावाचं स्टेशन आहे. वारा त्या बाजूचा असला की फलाटावर देवघरातला वास येतो. पहिलं महायुद्ध पेटलं, युरोपला जाणारं चंदन म्हैसूर संस्थानात पडून राहिलं आणि १९१६ साली संस्थानातच तेल काढायला सुरुवात झाली. तेव्हाचे दिवाण विश्वेश्वरय्या. पुण्यात इंजिनिअर झालेले, खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे बसवलेले. तेलामागून १९१८ मध्ये साबण आला. हा इतिहास बेंगळुरूत पुष्कळांना पाठ आहे. मला या तेलाकडे ओढून नेलं ते औषधाच्या दुकानातल्या एका क्रीमच्या खोक्याने. ‘चंदनतेलयुक्त, त्वचेला शांत करणारे’ असं त्यावर छापलं होतं. हे शांत करणारं नेमकं काय, आणि ते लाकडातून बाहेर कोण काढतं?

त्या ‘काय’चं नाव सँटालोल. अल्फा आणि बीटा अशी त्याची दोन रूपं. तेलाच्या आंतरराष्ट्रीय मानकात अल्फा ४१ ते ५५ टक्के आणि बीटा १६ ते २४ टक्के असावं लागतं. ‘कोण’चं उत्तर शहराबाहेरच्या एका छोट्या परवानाधारक भट्टीवर मिळालं. खानापूरकडचे एक काका तिथे वाफेवर लक्ष ठेवून बसतात. मी मराठी म्हटल्यावर त्यांनी स्टूल पुढे सरकवलं.

बाहेरचं पांढरं लाकूड तासून टाकायचं, तपकिरी गाभ्याची भुकटी करायची, ती उभ्या टाकीत भरून खालून वाफ सोडायची. काम एवढंच. बाकी सगळं थांबणं. सँटालोल सुमारे ३०० अंशांवर उकळतं. तेवढ्या आचेवर लाकूडच करपेल. वाफेच्या संगतीने ते शंभराच्या आसपास निघतं, पण निघतं फार सावकाश. थंड झालेल्या पाण्यावर तेल तरंगतं तेही जेमतेम, कारण वजनाला ते पाण्याच्या जवळपासच.

काका कागदाची पट्टी थेंबाखाली धरायचे, हुंगायचे, बाजूला ठेवायचे. पुन्हा नवी पट्टी. “आधी येतंय ते कच्चं असतंय बघा. नुसत्या लाकडाचा वास. घाई केली की गिऱ्हाईक परत पाठवतंय.” हलके घटक आधी निघतात, सँटालोल मागून येतं. प्रयोगशाळेतलं यंत्र हे आकड्यांत सांगतं, काका नाकाने.

“किती निघतं?” मी विचारलं.

“शंभराला पाच. गाभा चांगला असला तर. मुळाला जास्त.”

म्हणूनच चंदन तोडत नाहीत, मुळासकट उपटतात. शंभर किलो गाभ्याला पाच किलो तेल, आणि गाभा धरायलाच दहा-पंधरा वर्षं जातात. चांगला भरायला त्याहून कितीतरी जास्त. हे झाड शेजारच्या झाडांच्या मुळांतून अन्नपाणी ओढून घेतं, एकटं लावलं तर खुरटतं. टिपू सुलतानाने त्याला राजवृक्ष ठरवलं, आणि पुढे परसातलं चंदनही सरकारचंच राहिलं. मग कोण कशाला लावेल? कर्नाटकात मालकी शेतकऱ्याकडे आली ती २००१ च्या कायदादुरुस्तीने.

आता खोक्यावरच्या दाव्याकडे. सँटालोलमुळे त्वचेच्या पेशींमधला दाह कमी होतो, असं प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. पण त्याच तेलाचा साबण अंगावर मिनिटभर टिकतो, मग सगळं मोरीत जातं. सहाणेवर उगाळलेलं गंध घामोळ्यांवर लावलं की गार वाटतं, त्यातला बराचसा गारवा वाळणाऱ्या पाण्याचा. काहींच्या त्वचेवर तर चंदनतेलानेच पुरळ उठतं. सुगंधाने मन निवतं हे मला शंभर टक्के मान्य. त्वचेबद्दल मात्र इतक्या छातीठोकपणे छापू नये.

काकांच्या तळहातांना भेगा होत्या. गरम झाकणं, ओली भुकटी, दिवसभर पाणी. त्यावर काय लावता, विचारलं. “भिरंडेल. गावाकडून आणतोय.” कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, वडीतून नखाने खरवडून लावायचं. अंगणातल्या झाडाचं, जवळपास फुकटचं. ज्याच्या नाकावर चंदनतेलाचा दर ठरतो, त्याच्या हातांना ते परवडत नाही.

वाफ देऊन झालेली भुकटीही फुकट जात नाही, उदबत्तीवाले घेऊन जातात. वाया काही न घालवणारा हा धंदा मला खोक्यावरच्या जाहिरातीपेक्षा जास्त प्रामाणिक वाटला. ‘शांत करणारे’ याऐवजी कंपन्यांनी दोनच आकडे छापावेत: लाकूड किती वर्षांचं, आणि शंभराला पाच. लोक तेल कदाचित कमी घेतील, पण घेतील ते थेंबाने वापरतील, आणि चंदनाला तेवढंच हवं आहे.