चिंचोके, सागरगोटे आणि आपला हिशेब

रोवणी आटोपली, पोळा तोंडावर आला. आज हप्त्यांची गोष्ट जरा बाजूला ठेवू आणि आपल्या खेळांविषयी बोलू.

मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक पावसामुळं लांबली. तेव्हा एका आजीनं खडूनं जमिनीवर चौकट आखली. उभी-आडवी पाच-पाच, म्हणजे पंचवीस घरं. कुणी याला चंगअष्ट म्हणतं, कुणी चल्लसआठ. कवड्या नव्हत्या, म्हणून दोन चिंचोके फोडून चार फाका केल्या. जितक्या पांढऱ्या बाजू वर, तितकी घरं पुढं. चारही पांढऱ्या पडल्या तर चार, चारही काळ्या पडल्या तर आठ, आणि वर पुन्हा एक डाव. बाहेरची सोळा घरं फिरायची, मग आतली आठ, शेवटी मधलं घर. समोरच्याची सोंगटी मारल्याशिवाय आत जाता येत नाही. फुलीच्या घरात बसलेल्या सोंगटीला मात्र कुणी मारत नाही.

आमच्यातली एक ताई नेहमी म्हणते, "मला हिशेब येत नाही." पासबुक दुसरीकडून वाचून घेते. पण त्या दिवशी कुणाची सोंगटी किती घरांवर आहे, किती पडले तर मरेल, हे ती आमच्या आधी सांगत होती. आम्ही सगळ्या बघत राहिलो. हिशेब तिला येतच होता, फक्त कागदावरच्या आकड्यांची भीती होती. आता बैठकीत जमा रक्कम आधी ती तोंडी मोजते, मग आम्ही वहीत लिहितो.

आपले खेळ असे आपल्या जगण्यातून आले. सागरगोटा ही काटेरी वेल. तिच्या करड्या, टणक बियांनी मुली खेळतात. एक वर उडवायची, ती खाली यायच्या आत बाकीच्या उचलायच्या. यानं नजर आणि हात एकत्र चालायला शिकतात. बऱ्याच गावांत जिवतीला बांबूच्या गेड्या तयार होतात. चिखलाच्या रस्त्यावर पोरं त्यावर तोल सांभाळत चालतात, आणि पोळा झाला की गेड्या गावाबाहेर नेऊन टाकतात. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत विदर्भात भुलाबाई बसते. मुली घरोघरी गाणी म्हणतात आणि डबा हलवून आतला खाऊ ओळखतात. सासरचा जाच सरळ बोलायची सोय नव्हती, तेव्हा बायका तो याच गाण्यांतून बोलल्या.

असं फक्त आपल्याकडंच आहे असं नाही. कंबोडिया देशातही भातशेती आणि जंगल आहे. तिथं एप्रिलमधल्या नववर्षाला दोन गट अंगकुन्ह नावाच्या वेलीच्या मोठ्या बिया फेकून खेळतात. हरलेल्यांच्या गुडघ्यावर जिंकलेले बिया ठोकतात आणि सगळे हसतात. कंबोडिया, व्हिएतनाम, फिलिपिन्स आणि दक्षिण कोरिया या देशांतल्या दोरीखेचीच्या प्रथांना युनेस्कोनं 2015 साली जगाच्या वारशात नोंदवलं. चांगलं पीक यावं म्हणून तिथले भात पिकवणारे लोक दोरी ओढतात. म्हणजे ज्याला आपण पोरखेळ म्हणतो, त्याला जग वारसा म्हणतं.

आपल्याकडं अडचण वेगळी आहे. मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की "आता मोठी झालीस" म्हणून तिचा खेळ थांबतो. मुलगा मात्र मैदानात राहतो. लग्नानंतर तर विचारूच नका. आमच्या बैठकीत विचारलं, तर बहुतेक जणी लग्नानंतर एकदाही खेळल्या नव्हत्या. खेळ आईकडून लेकीकडं जातो. आईच थांबली तर तो तिथंच संपतो, आणि लेकीच्या हातात उरतो फक्त मोबाईल.

म्हणून आम्ही ठरवलं आहे की दर बैठकीत हिशेबानंतर अर्धा तास खेळायचं, आणि लेकींनाही बसवायचं. खर्च काहीच नाही. चिंचोके आपल्या घरात आहेत, सागरगोटे रानात. एक काळजी मात्र घ्या, लाल-काळ्या गुंजा लहान मुलांच्या हाती देऊ नका, त्या विषारी असतात.

तुमच्या गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजीला या आठवड्यात एवढंच विचारा, "आजी, तुम्ही काय खेळायच्या?" आणि नुसतं ऐकून उठू नका. तिच्यासोबत एक डाव खेळा.