शंभर भागधारकांचा प्रश्न

व्यापारात दिलेल्या शब्दाला मोल असते. परंतु तो शब्द वहीत कसा उतरतो, यावरच पेढीची पत ठरते. कार्बन उत्सर्जन कमी करण्याची जी अभिवचने जगातील मोठ्या कंपन्या अलीकडे देऊ लागल्या आहेत, त्यांनाही हाच न्याय लावावयास हवा. अशी अनेक अभिवचने कंपन्यांनी केवळ आपण होऊन दिलेली नाहीत; त्यांमागे भागधारकांचा व स्वयंसेवी संस्थांचा दीर्घ पाठपुरावा आहे. नेदरलँड्समधील ‘फॉलो धिस’ या संस्थेने शेल या तेल कंपनीकडे केलेला पाठपुरावा त्या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

मार्क फान बाल या डच पत्रकाराने 2015 मध्ये ही संस्था स्थापन केली. कंपनीच्या दारावर घोषणा देण्यापेक्षा तिचे समभाग घ्यावेत आणि मालकीच्या नात्याने सभेत प्रश्न विचारावा, ही त्यामागील कल्पना. ब्रिटनच्या 2006 च्या कंपनी कायद्यात याला आधार होता. एकूण मतांपैकी 5 टक्के मते हाती असलेले सभासद वार्षिक सभेपुढे ठराव आणू शकतात. तेवढे बळ नसेल, तर किमान 100 सभासदांनी एकत्र यावे आणि त्यांचे भरणा झालेले भांडवल सरासरी दरडोई 100 पौंड असावे, एवढे पुरते. शेलसारख्या अवाढव्य कंपनीत 5 टक्के मते जमविणे सामान्यांच्या आवाक्याबाहेरचे होते. शंभर माणसे जमविणे शक्य होते.

2016 च्या सभेत पहिला ठराव आला. तेलातून होणारा नफा अक्षय ऊर्जेत गुंतवावा, अशी त्यात मागणी होती. त्याला अवघी 2.7 टक्के मते पडली. कंपनीने कोणता व्यवसाय करावा हे भागधारकांनी सांगणे मोठ्या गुंतवणूकदारांना मानवणारे नव्हते. संस्थेने मागणी बदलली. व्यवसाय कोणता करावयाचा ते संचालक मंडळाने ठरवावे; मात्र पॅरिस कराराशी सुसंगत असे उत्सर्जन-घटीचे उद्दिष्ट जाहीर करावे, एवढेच आता मागितले. 2017 मध्ये मते 6.3 टक्क्यांवर गेली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस शेलने उत्सर्जनाविषयीचे आपले पहिले दीर्घकालीन ध्येय जाहीर केले. 2018 च्या डिसेंबरात, मोठ्या गुंतवणूकदारांच्या ‘क्लायमेट ॲक्शन 100 प्लस’ या गटाशी झालेल्या चर्चेनंतर, अल्पमुदतीची उद्दिष्टे ठरवून वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या मेहनतान्याशी त्यांची सांगड घालण्याचेही कंपनीने मान्य केले. 2020 मध्ये संस्थेच्या ठरावाला 14.4 टक्के, तर 2021 मध्ये 30 टक्क्यांहून अधिक मते मिळाली. संचालक मंडळाने ठरावाविरुद्ध मत देण्याची शिफारस केलेली असतानाचे हे आकडे आहेत.

ठराव एकदाही मंजूर झाला नाही. तरीही ही मते वाया गेली, असे म्हणता येत नाही. मंडळाच्या शिफारशीविरुद्ध 20 टक्के वा अधिक मते पडली, तर कंपनीने भागधारकांशी सल्लामसलत करून आपली भूमिका स्पष्ट करावी, असा ब्रिटनच्या कंपनी-कारभार संहितेचा दंडक आहे. त्यामुळे हरलेल्या ठरावालाही उत्तर द्यावे लागते.

येथे वहीचा प्रश्न उभा राहतो. उत्सर्जनाचा हिशेब जगभर तीन खात्यांत मांडतात. पहिल्या खात्यात कंपनीच्या स्वतःच्या विहिरी, भट्ट्या व वाहने यांचे उत्सर्जन. दुसऱ्यात विकत घेतलेल्या विजेचे. तिसऱ्यात पुरवठादारांपासून ग्राहकांपर्यंतचे उर्वरित सारे. शेलच्या बाबतीत 90 टक्क्यांहून अधिक उत्सर्जन तिसऱ्या खात्यात, म्हणजे प्रामुख्याने ग्राहकांनी इंधन जाळल्यावर होते. पहिल्या दोन खात्यांतील उत्सर्जन 2016 च्या तुलनेत 2030 पर्यंत निम्मे करण्याचे उद्दिष्ट कंपनीने 2021 मध्ये ठरविले. एकूण हिशेबात हा वाटा लहान आहे.

दुसरी मेख मोजमापात आहे. शेलचे गाजलेले उद्दिष्ट एकूण उत्सर्जनाचे नसून विकलेल्या ऊर्जेच्या दर एककामागील उत्सर्जनाचे होते. यातील फरक व्यापाऱ्याला समजावून सांगावा लागणार नाही. शंभर नगांवर नगामागे 10 रुपये खर्च आला, तर एकूण 1,000 रुपये होतात. खर्च 8 रुपयांवर आणून दीडशे नग काढले, तर एकूण 1,200 होतात. नगामागील खर्च 20 टक्के घटला, एकूण खर्च 20 टक्के वाढला. वातावरण मात्र एकूण बेरीजच मोजते.

पुढे उतारही आला. 2022 व 2023 मध्ये मते 20 टक्क्यांच्या आसपास राहिली, 2024 मध्ये ती 18.6 टक्क्यांवर आली. त्याच वर्षी शेलने 2030 चे 20 टक्के घटीचे उद्दिष्ट सैल करून 15 ते 20 टक्के केले आणि 2035 चे 45 टक्क्यांचे उद्दिष्ट काढून टाकले. तेलजन्य इंधनाच्या वापरातून ग्राहकांकडे होणारे उत्सर्जन 2030 पर्यंत 15 ते 20 टक्के घटविण्याचे ध्येय तेव्हाच जोडले गेले, हेही नोंदविले पाहिजे. न्यायालयीन मार्गाचेही तसेच झाले. ‘मिलियूडिफेन्सी’ या पर्यावरण संस्थेच्या दाव्यात हेगच्या न्यायालयाने 2021 मध्ये 45 टक्के घटीचा आदेश दिला होता. नोव्हेंबर 2024 मध्ये अपील न्यायालयाने तो रद्द केला. उत्सर्जन मर्यादित ठेवण्याचे कर्तव्य मान्य केले, पण ठरावीक टक्केवारी लादण्यास नकार दिला.

तात्पर्य, स्वेच्छेने दिलेले उद्दिष्ट स्वेच्छेने मागेही घेता येते. पाठपुराव्याची खरी कमाई उद्दिष्टाच्या आकड्यापेक्षा उघड झालेल्या हिशेबात आहे. शेलने उद्दिष्ट सैल केले, हे जगाला टक्केवारीसह सांगता आले ते हिशेब प्रसिद्ध होत असल्यामुळेच.

भारतात शंभर जणांची सवलत नाही. 2013 च्या कंपनी कायद्यानुसार सभेपुढे ठराव आणण्यासाठी सर्वसाधारणपणे एक दशांश मतांचे बळ लागते. मात्र सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या 1,000 नोंदणीकृत कंपन्यांना 2022-23 पासून व्यवसाय उत्तरदायित्व व शाश्वतता अहवाल सक्तीचा केला आहे. पहिल्या दोन खात्यांचे आकडे त्यात द्यावे लागतात. तिसरे ऐच्छिक आहे. समभाग बाळगणाऱ्या कुटुंबांनी वार्षिक अहवालातील लाभांशाच्या पानापुढे जाऊन ही पाने वाचावीत: उद्दिष्ट एककामागे आहे की एकूण, आधारवर्ष कोणते, गतवर्षापेक्षा बेरीज चढली की उतरली.

मोठ्या कंपन्यांना कापड, सुटे भाग वा पुठ्ठ्याची खोकी पुरविणाऱ्यांना तर हा विषय दूरचा राहिलेला नाही. खरेदीदाराचे तिसरे खाते म्हणजे पुरवठादाराचा कारखाना होय. तेथून प्रश्नावली येईल, तेव्हा वीज, डिझेल व कोळशाची वर्षवार बिले ज्याच्याकडे लावून ठेवलेली असतील, त्याला उत्तर देण्यास विलंब लागणार नाही.