वॉशिंग्टनची खुर्ची, कोरियाचे घर

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष बदलला की सोलच्या राज्यकर्त्यांची झोप उडते. का उडू नये? उत्तरेच्या तोफांच्या टप्प्यात सोल आहे, वॉशिंग्टन नाही.

१९९४ साली क्लिंटन सरकारने जिनिव्हात उत्तर कोरियाशी करार केला. उत्तरेने अणुभट्ट्या बंद ठेवायच्या, बदल्यात तिला इंधन तेल मिळायचे. जून २००० मध्ये दक्षिणेचे अध्यक्ष किम दे-जुंग स्वतः प्योंगयांगला गेले. ऑगस्टमध्ये पन्नास वर्षे ताटातूट झालेले आप्त एकमेकांच्या गळ्यात पडून रडले.

मग बुश आले. मार्च २००१ मध्ये नोबेल शांतता पारितोषिकाचे मानकरी किम दे-जुंग त्यांच्या भेटीला गेले, तर यजमानाने पत्रकारांसमोरच उत्तरेवर अविश्वास दाखवला. घरी आलेल्या पाहुण्याची ही कसली पत राखणे? पुढच्या जानेवारीत उत्तर कोरियाला इराक-इराणच्या पंक्तीला बसवून ‘दुष्ट’ ठरवले गेले. उत्तरेची राजवट धुतल्या तांदळासारखी होती, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. चोरून युरेनियमचा उद्योग तिनेही केलाच. पण बोलणीच तोडून काय मिळाले? तेल थांबले, बंद भट्टी पुन्हा पेटली आणि ९ ऑक्टोबर २००६ रोजी उत्तरेने पहिला अणुस्फोट केला.

ट्रम्प यांनी २०१८ मध्ये सिंगापुरात हात मिळवला, २०१९ मध्ये हनोईत बोलणी फिसकटली. ऑगस्ट २०१८ नंतर त्या दुरावलेल्या कुटुंबांची भेट झालेली नाही. दक्षिणेत भेटीसाठी नाव नोंदवलेल्या सव्वा लाखाहून अधिक माणसांपैकी बहुतेक आज हयात नाहीत.