पहिली मोर्स कळ निवडताना...

नाशिक, प्रतिनिधी : देशातील सार्वजनिक तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तारघरातला ‘कडकट्ट’ आवाज तर टेलिप्रिंटर आणि संगणक आल्यावर त्याच्या कितीतरी आधी थांबला होता. हौशी रेडिओच्या, म्हणजेच हॅम रेडिओच्या जगात मात्र मोर्स संकेतलिपी अद्याप जिवंत आहे. या छंदाकडे वळणाऱ्यासमोर लवकरच प्रश्न उभा राहतो तो म्हणजे संदेश पाठविण्याची पहिली कळ कोणती घ्यावी? प्रश्न किरकोळ वाटतो. पण पहिल्या कळीवर हाताला जे वळण लागते, ते पुढे मोडणे अवघड जाते. निवड चुकली तर मनगट दुखू लागते, अक्षरे तुटक जातात आणि परवाना हाती येण्याआधीच छंद सुटण्याची वेळ येते.

मोर्स कशासाठी?

मोर्सच्या संदेशाला बोलण्याच्या तुलनेत फारच अरुंद ध्वनिपट्टा लागतो. त्यामुळे पाच वॉटसारख्या अल्प शक्तीवरही अनुकूल परिस्थितीत समुद्रापलीकडे संपर्क होऊ शकतो. हॅम परवान्यासाठी मोर्स सक्तीचा असावा की नाही, हा निर्णय २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेने त्या त्या देशावर सोपविला. भारतात २००९ च्या सुधारित नियमांनी ‘रिस्ट्रिक्टेड’ श्रेणीला मोर्सची अट ठेवली नाही. ‘जनरल’ श्रेणीसाठी मात्र मिनिटाला ८ शब्द हा वेग ठरविला. २०२३ मध्ये नवा दूरसंचार कायदा झाला असल्याने अर्ज करताना त्या वेळचे नियम पाहून घेणे इष्ट.

तीन प्रकार

पहिला प्रकार साध्या कळीचा. तिला ‘स्ट्रेट की’ म्हणतात. पितळी दांडा, एक स्प्रिंग, दोन संपर्कबिंदू आणि वर मूठ एवढाच तिचा पसारा. दांडा खाली दाबला की विद्युतमंडल पूर्ण होते. दुसरा प्रकार ‘बग’. १९०४ च्या सुमारास अमेरिकेत होरेस मार्टिन यांनी आणलेल्या ‘व्हायब्रोप्लेक्स’मुळे तो प्रसिद्ध झाला. यात कंप पावणारी पट्टी बिंदू आपोआप काढते, रेघा हाताने काढाव्या लागतात. तिसरा प्रकार ‘पॅडल’. अंगठ्याने आणि तर्जनीने दोन पाती बाजूने दाबायची. बिंदू आणि रेघा मोजून देण्याचे काम इलेक्ट्रॉनिक कीयर करतो. अनेक आधुनिक रेडिओसंचांत कीयर अंतर्भूत असतो. तो नसेल तर पॅडल निरुपयोगी ठरते.

सुरुवात साध्या कळीने

मोर्स ही खरे तर तालाची भाषा आहे. बिंदू एक मात्रेचा, रेघ तीन मात्रांची. अक्षराच्या आतील विराम एक मात्रेचा, दोन अक्षरांमधला तीन आणि दोन शब्दांमधला सात मात्रांचा. मिनिटाला ८ शब्दांच्या वेगात एक मात्रा ०.१५ सेकंदाची होते. पॅडल वापरणाऱ्यासाठी ही मोजणी यंत्र करते. साध्या कळीवर ती स्वतःच्या हाताला करावी लागते. ठेका अंगात मुरवायचा असेल तर साधी कळ हीच चांगली गुरू होय. शिवाय ती नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या साध्या बझरपासून महागड्या संचापर्यंत बहुतेक ठिकाणी चालते.

याला एक अपवाद आहे. मनगट किंवा बोटे आधीच दुखरी असतील त्यांनी थेट पॅडल घ्यावे. सतत कळ दाबून तारमास्तरांचे हात आखडत. ब्रिटनमध्ये १९०८ मध्ये या विकाराचा समावेश नुकसानभरपाईस पात्र अशा व्यावसायिक आजारांत करण्यात आला होता.

काय पाहून घ्यावे?

पहिली कसोटी वजनाची. हलकी प्लास्टिकची कळ टेबलावर सरकते, ती धरून ठेवण्यात हात आखडतो. दुसरी कसोटी बिजागरीची : दांडा आडवा हलवून पाहावा, तो डुगडुगता कामा नये. तिसरी, स्प्रिंगचा ताण आणि संपर्कबिंदूंमधील फट दोन्ही वेगवेगळ्या स्क्रूंनी जुळविता आली पाहिजेत. फट आरंभी पोस्टकार्डाच्या जाडीइतकी ठेवावी. चकाकीसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

कळ वजनाला हलकी असेल तर ती लाकडी फळीवर आवळून खाली कडाप्प्याचा तुकडा लावावा. हाताने काही घडविण्याची आवड असलेल्या नाशिककरांना तर ती घरीही करता येईल. पितळी भांड्यांसाठी नावाजलेल्या या शहराला पितळ नवे नाही, आणि सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत लेथवर काम करणारे कारागीर आहेत.

जुन्या बाजारातली कळ घेताना मात्र डोळे उघडे ठेवावेत. मुठीला तडा आहे का, संपर्कबिंदू झिजले आहेत का, हे तपासावे. बिंदू काळवंडले असतील तर त्यांच्यामधून जाड कागद ओढावा. पॉलिशपेपर घासू नये. काही जुन्या व्हॉल्व्हच्या प्रक्षेपकांत कळीवर घातक विद्युतदाब येत असे. त्यामुळे उघड्या धातूची कळ अशा संचाला जाणकाराच्या सल्ल्याशिवाय मुळीच जोडू नये.

हात आणि कान

मूठ करकचून आवळू नये. अंगठा व दोन बोटांनी ती अलगद धरावी आणि हालचाल मनगटातून करावी. कळ टेबलाच्या काठापासून आत ठेवल्यास कोपरापर्यंतचा हात टेबलावर विसावतो. सुरुवातीस दहा-पंधरा मिनिटांचा सराव पुरे; हात दुखू लागताच थांबावे.

कळ घेण्याआधी दोन-तीन आठवडे केवळ ऐकण्यास द्यावेत, हे उत्तम. बिंदू-रेघांचा तक्ता पाठ करणारा प्रत्येक अक्षर मनात मोजत बसतो आणि वेग वाढला की अडखळतो. अक्षराचा अखंड नाद कानाने ओळखावा. कानात बसलेला ताल हातात लवकर उतरतो.

बझरवरील सरावाला कोणताही परवाना लागत नाही. हवेत संदेश सोडण्यासाठी मात्र दूरसंचार विभागाचा परवाना अनिवार्य आहे. म्हणून खर्चाचा क्रमही तसाच ठेवावा : आधी साधी, जड कळ आणि बझर, मग परीक्षा, आणि रेडिओसंच त्यानंतर. हाताचा ठेका पक्का झाला की पॅडल केव्हाही घेता येईल.