गाण्याची मुळाक्षरे

एका नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेची गोष्ट. प्रवेशगीताचा पहिला शब्द आम्हीच उचलला. आणि उत्साहाच्या भरात तो इतका वर उचलला, की दुसऱ्या ओळीस म्हाताऱ्या माणसांचे आवाज थांबले, धृपदापर्यंत बायाबापड्या गप्प झाल्या आणि शेवटच्या कडव्यास आम्ही व पेटीवाला असे दोघेच उरलो. मिस्सा आटोपल्यावर एक आजीबाई जवळ येऊन म्हणाल्या, "फादर, गाणं येत न्हाई असं न्हाई. पर तुमी सुरुवातच माडीवरनं केली. आमी वर चढायचं कुठं?"

सेमिनरीत आम्ही संगीताचे धडे घेतले होते. परंतु त्यांतील पहिला धडा आम्हांस त्या रात्री खऱ्या अर्थाने समजला. संगीताची चार मुळाक्षरे जाणली नाहीत, तर देवाची लेकरे देवाच्याच घरात मुकी होतात. म्हणून ती मुळाक्षरे येथे थोडक्यात मांडतो.

आजीबाईंच्या तक्रारीचे नाव 'पट्टी'. पेटीच्या ज्या पट्टीस 'सा' मानून गाणे सुरू करावयाचे, ती त्या गाण्याची पट्टी. पुरुषांचा आवाज साधारणपणे काळी एक किंवा दोनच्या आसपास रमतो, स्त्रियांचा पांढरी पाच किंवा काळी चारच्या जवळ. सर्व मंडळींनी मिळून गावयाचे असेल, तेव्हा एखाद्या तरुणाच्या तयार गळ्यावरून पट्टी ठरवू नये. गीतातील सर्वांत उंच स्वर आधी हळूच गुणगुणून पाहावा. तो घरातील आजीआजोबांना झेपेल असा वाटला, तरच गीतास आरंभ करावा.

दुसरे अक्षर 'स्वर'. षड्ज, ऋषभ, गांधार, मध्यम, पंचम, धैवत आणि निषाद हे ते सात. त्यांचीच लाडकी नावे सा, रे, ग, म, प, ध, नी. यांपैकी सा आणि प आपली जागा सोडीत नाहीत. रे, ग, ध, नी खाली उतरले म्हणजे 'कोमल' होतात. मध्यम वर चढला म्हणजे 'तीव्र' होतो. असे एकूण बारा स्वर झाले. पेटीच्या एका सप्तकातील सात पांढऱ्या व पाच काळ्या पट्ट्या मोजून पाहा, हिशेब बरोबर जुळेल. स्वर क्रमाने चढत गेले म्हणजे 'आरोह', उतरत आले म्हणजे 'अवरोह'.

पाश्चात्य देशांतील स्वरनामांचा जन्म तर उपासनेतच झाला आहे. ११ व्या शतकात इटलीत ग्विदो नावाचे एक बेनेडिक्टाइन संन्यासी होते. शिष्यांना गाणे लवकर यावे म्हणून त्यांनी संत योहान बाप्तिस्ताचे एक लॅटिन स्तोत्र निवडले. त्याच्या पहिल्या सहा चरणांचा आरंभ एकेक स्वर वर होत जाई. त्या चरणांच्या आद्याक्षरांवरून उत, रे, मी, फा, सोल, ला ही नावे रूढ झाली. पुढे 'उत'च्या जागी 'दो' आला आणि सातव्या स्वरास 'सी' हे नाव मिळाले.

तिसरे अक्षर 'लय', म्हणजे गाण्याची चाल मंद की जलद. ती विलंबित, मध्य आणि द्रुत अशी तीन प्रकारची. चौथे अक्षर 'ताल'. लय ही चालण्याची गती मानली, तर ताल म्हणजे मोजलेली पावले. एकेका पावलास 'मात्रा' म्हणतात. दादऱ्यात ६ मात्रा, केरव्यात ८, त्रितालात १६. पहिल्या मात्रेस 'सम' म्हणतात. गवई मध्ये कितीही फिरून आला, तरी समेवर त्याने तबलजीस भेटलेच पाहिजे. आणि ती भेट झाली, की ऐकणाऱ्याची मानही आपोआप हलते.

या समेचे स्मरण आमच्या सीमाभागात विशेष हवे. बेळगाव-निपाणीकडे एकाच प्रार्थनामंदिरात मराठी, कन्नड आणि कोंकणी बोलणारी कुटुंबे गुडघे टेकतात. सण आला, की कोणाच्या भाषेतील किती गीते, याची मोजणी सुरू होते. कन्नड गीत लागले की काही मराठी पुस्तके मिटतात. मराठी गीत लागले की काही कन्नड पुस्तके. आम्हांस याचे फार दुःख होते. स्वर, राग, लय, ताल हे शब्द तर कानडी शेजाऱ्याच्या घरीही तेच आहेत!

आपल्याच मुलखाचे उदाहरण पाहा. निपाणीपासून फार दूर नसलेल्या कुरुंदवाड येथे १८७२ साली विष्णु दिगंबर पलुसकर जन्मले. लहानपणी फटाक्याने त्यांची दृष्टी अधू झाली. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी ते गायन शिकले आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरात त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापून सामान्य माणसास संगीताचे दार उघडले. त्यांचे शिष्य बी. आर. देवधर. त्या देवधरांपाशी मुंबईस शिकावयास आला बेळगावजवळच्या सुळेभावी येथे १९२४ साली जन्मलेला एक कन्नड मुलगा, शिवपुत्र कोमकलीमठ. त्यालाच जग कुमार गंधर्व म्हणून ओळखते. मराठी गुरूने भाषा विचारली नाही. आणि कन्नड घरच्या त्या शिष्याने पुढे मराठी अभंग गाऊन लाखो मराठी मने भारून टाकली.

पवित्र ख्रिस्तसभेचीही हीच शिकवण आहे. द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी दिलेल्या उपासनाविषयक संविधानात सांगितले आहे, की भाविकांच्या गायनास उत्तेजन द्यावे आणि निरनिराळ्या लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेस उपासनेत योग्य स्थान द्यावे. गायकवृंद हवाच, पण त्याने सभेचा हात धरून तिला गावयास न्यावे, सभेच्या वतीने एकट्यानेच गाऊ नये.

तेव्हा आमची विनंती एवढीच. सायंकाळी जपमाळ संपल्यावर घरातील सर्वांनी पाच मिनिटे एकत्र 'सा' धरावा. लहानांनी हाताने आठ मात्रा मोजाव्यात. मग रविवारच्या गीतांतून एक आपल्या भाषेतील आणि एक शेजाऱ्याच्या भाषेतील गीत म्हणावे. उच्चार चुकला, तर शेजारीच प्रेमाने सुधारील.

त्या आजीबाई पुढच्या नाताळास पहिल्या बाकावर होत्या. आम्ही पट्टी खाली घेतली होती. शेवटच्या कडव्यापर्यंत त्यांचा आवाज आम्हांस ऐकू येत होता, आणि त्यांच्या शेजारच्या कन्नड माउलीचाही.