पाळण्यात शिरलेला सिनेमा

टेंभुर्णी म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे पुणे-सोलापूर रस्त्यावरचे गाव उभे राहते. आमची टेंभुर्णी ती नव्हे. ही जालना जिल्ह्यातल्या जाफराबाद तालुक्यातली. 1981 साली जालना जिल्हा वेगळा झाला, तोपर्यंत आम्ही औरंगाबाद जिल्ह्यात मोडत होतो. करमणुकीच्या बाबतीत मात्र या मुलखाने जिल्ह्याची हद्द कधी मानली नाही. राजूरच्या गणपतीला अंगारकीची गर्दी, दसऱ्याच्या सुमारास देऊळगाव राजाच्या बालाजीची यात्रा, होळीला तिकडे बुलढाण्याच्या बाजूला सैलानीबाबा. ज्याला जिथे सोयीचे, तिथे तो जाई. देवदर्शन झाले की पोरांचे पाय आपोआप एकाच दिशेला वळत. पाळणा कुठे लागला आहे, ते पाहायचे!

तो पाळणा आजच्यासारखा विजेच्या दिव्यांनी लखलखणारा नव्हता. लाकडाचे चार खोके, मधून एक आडवा दांडा, आणि हातांनी ओढून फिरवणारे दोन गडी. पुढे लोखंडी पाळणे आले, त्यांवर धीट पोरे माकडासारखी आऱ्यांवर चढत आणि आपल्या अंगाच्या वजनाने चाक खाली आणीत. इंजिन आले ते त्यानंतर. पण वर जाऊन खाली येताना पोटात जो खड्डा पडे, तो चार खोक्यांच्या पाळण्यातही तोच आणि इंजिनाच्या पाळण्यातही तोच. याचे शास्त्र साधे आहे. आपले वजन आपल्याला जाणवते ते बूड टेकले आहे ती फळी आपल्याला वर रेटते म्हणून. पाळणा खाली येऊ लागला की फळीचा तो रेटा कमी होतो, आणि पोटातली आतडी क्षणभर कुणाच्याच आधाराने राहिल्यासारखी वाटतात. एवढ्या एका क्षणासाठी माणसे पैसे मोजतात, किंचाळतात, पुन्हा बसणार नाही म्हणून शपथ घेतात आणि पुन्हा बसतात.

पाळण्यापासून थोड्या अंतरावर कनात लावलेली असे. तो तंबूतला सिनेमा, टुरिंग टॉकीज. जुन्या मालमोटारीत यंत्र, बाहेर भोंगा, आत बाया एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या बाजूला. महाराष्ट्रातल्या या फिरत्या टॉकीजांवर ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ नावाचा एक सुंदर अनुबोधपट निघाला आणि 2016 साली तो कान महोत्सवात दाखवला गेला. म्हणजे आपल्या जत्रेतली कनात साता समुद्रापलीकडे जाऊन आली. पण मला इथे एक वेगळीच गोष्ट दाखवायची आहे. पाळणा आणि सिनेमा शेजारी शेजारी नांदत होते, तरी दोघांचे तिकीट वेगळे होते. पाळण्याच्या फळ्यांवर नटनट्यांचे मुखवटे रंगवलेले असत, मौत का कुआँच्या बाहेर तर हमखास. पण ती नुसती रंगरंगोटी! पाळण्यात बसताना हा कोणत्या बोलपटातला पाळणा, असे कुणी विचारीत नसे.

जत्रेतली ही वाटणी डोळ्यांपुढे ठेवून आता अमेरिकेत जाऊ. तिथल्या फ्लोरिडा राज्यात ऑर्लँडो शहराजवळ डिस्नी कंपनीने करमणुकीच्या प्रचंड बागा उभारल्या आहेत. ही तिकडची कायमची जत्राच म्हणा ना! त्यांतल्या एपकॉट नावाच्या बागेत एका तळ्याभोवती अकरा देशांचे मंडप आहेत. (आपला देश त्यांत नाही. मेक्सिको आहे, मोरोक्को आहे, हिंदुस्थान नाही. असो.) 1982 साली ही बाग उघडली तेव्हा मिकी माऊस आणि मंडळींना तिथे मुद्दाम मज्जाव होता. जगातले देश पाहायला यावे, काही शिकून जावे, असा त्या बागेचा थोडा शाळामास्तरी बाणा होता.

अकरावा आणि शेवटचा मंडप नॉर्वेचा. तो 1988 साली झाला आणि त्यात ‘मेलस्ट्रॉम’ नावाची नावेची राईड होती. मेलस्ट्रॉम म्हणजे समुद्रातला भोवरा. जुन्या व्हायकिंग दर्यावर्दींच्या गलबतासारख्या घडणीच्या नावा, एकेकीत सोळा माणसे. अंधारातून नाव जाई, वाटेत ट्रोल नावाचे नॉर्वेतले राक्षस भेटत. तीन डोक्यांचा एक ट्रोल रागावून शाप देई आणि नाव चक्क उलटी, पाठीकडून चालू लागे. पांढरी अस्वले दिसत. मग नाव एकदम खाली घसरे, साधारण अठ्ठावीस फूट, आणि समोर वादळी समुद्रात तेलाच्या विहिरीचा मनोरा उभा! म्हणजे राक्षसांपासून खनिज तेलापर्यंत सगळी नॉर्वे काही मिनिटांत. शेवटी एका कोळीवाड्याच्या धक्क्यावर उतरवून नॉर्वेवरचा छोटा चित्रपट दाखवीत. बरेच लोक तो न पाहताच दुसऱ्या दाराने निघून जात, हेही सांगायला हवे. प्रवचनाआधी प्रसाद मिळाला की मंडळी पांगतात, तसेच ते.

2013 च्या अखेरीस डिस्नीचाच ‘फ्रोझन’ नावाचा बोलपट आला. दोन बहिणींची गोष्ट, थोरलीच्या हातातून बर्फ निघतो. मूळ कल्पना अँडरसनच्या ‘हिमराणी’ या कथेवरून घेतलेली. अँडरसन डॅनिश, चित्रपटातले राज्य नॉर्वेसारखे दिसणारे पण काल्पनिक, नाव अ‍ॅरेंडेल. या चित्रपटाने जगभर शंभर कोटी डॉलरांहून अधिक गल्ला जमवला आणि घरोघरच्या मुली निळे झगे घालून फिरू लागल्या. आता एवढी लोकप्रिय राजकन्या बसवायची कुठे? नॉर्वेच्या मंडपात! सप्टेंबर 2014 मध्ये जाहीर झाले आणि 5 ऑक्टोबरला मेलस्ट्रॉमची शेवटची नाव सुटली. 21 जून 2016 रोजी त्याच जागी ‘फ्रोझन एव्हर आफ्टर’ उघडली आणि पहिल्या दिवशी तासन् तास रांगा लागल्या.

मौज अशी की नावा त्याच ठेवल्या. पाण्याची वाट तीच. नाव उलटी चालण्याची जागा तीच, घसरण तीच. पूर्वी ट्रोलच्या शापाने उलटी जाणारी नाव आता राजकन्येच्या जादूने उलटी जाते, इतकाच फरक. पोटातला खड्डा अजून जुन्या मालकीचाच आहे. त्यावर चढवलेला झगा तेवढा नवा.

पण झगा बदलला म्हणजे काहीच बदलले नाही, असे मला वाटत नाही. तो मंडप नॉर्वे नावाच्या खऱ्या देशाचा होता. त्यातले ट्रोल त्या देशातल्या आज्यांनी नातवंडांना सांगितलेले होते. सबंध देशाची मिळकत असलेल्या गोष्टी काढून तिथे एका कंपनीच्या मालकीची गोष्ट ठेवली गेली. आजीच्या गोष्टीतला राक्षस कुणीही रंगवावा, कुणीही सांगावा. त्या निळ्या झग्याच्या राजकन्येचे चित्र मात्र तुम्ही परवानगीवाचून दुकानाच्या पाटीवर काढून पाहा, आणि वकिलाची नोटीस येते की नाही ते मला कळवा! शेजारच्या मेक्सिकोच्या मंडपातही 2007 साली हेच झाले होते. तिथली ‘काळाची नदी’ नावाची नावेची सफर जाऊन तिच्यात डिस्नीच्या 1944 सालच्या चित्रपटातले तीन पक्षी गाऊ लागले.

धंद्याच्या बाजूने पाहिले तर हे का होते ते उघड आहे. नवी राईड बांधायला पैसा पाण्यासारखा जातो. ती लोकांना आवडेल की नाही, हे उघडल्यावरच कळते. चित्रपटाचे तसे नाही. गोष्ट आधीच पाठ, गाणी आधीच ओठांवर, बाहुल्या आधीच दुकानात. कंपनीला नवे काही समजावून सांगावे लागत नाही. आपल्या तंबूवाल्यालाही हे ठाऊक होते. पोस्टरवर कुणाचा चेहरा लावला की कनात भरते, हे तो अचूक जाणत असे. फरक एवढाच, की त्याने कधी शेजाऱ्याचा पाळणा विकत घेऊन त्याच्यावर चित्रपट चढवला नाही. कॅलिफोर्नियातल्या बागेत नेमके तेच घडले. तिथे 2004 सालापासून भुताटकीच्या हॉटेलची एक उंच इमारत होती आणि तिची लिफ्ट नुसती पडत नसे, दोर तिला खाली ओढीत. म्हणून ती पडत्या दगडाहूनही जलद खाली येई. जानेवारी 2017 मध्ये ती बंद झाली आणि त्याच वर्षी मेअखेर तीच लिफ्ट अंतराळवीरांच्या चित्रपटाची म्हणून चालू झाली. भुते बेघर झाली, लिफ्ट कामावर राहिली.

तेव्हा जुने ते सोने आणि नवा तेवढा व्यापार, असे म्हणून मोकळे व्हावे काय? मीही तसेच म्हणणार होतो, पण ‘स्प्लॅश माउंटन’ आडवी येते. ही राईड कॅलिफोर्नियात 1989 साली सुरू झाली. लाकडाच्या ओंडक्यासारखी नाव, आत बोलणारे प्राणी, आणि शेवटी सुमारे पन्नास फुटांवरून पाण्यात उडी. तिच्या प्रेमात दोन पिढ्या वाढल्या. ती जाणार म्हटल्यावर लोक हळहळले. पण ही जुनी राईड मुळात कशावर बांधलेली होती? तीही चित्रपटावरच! 1946 सालच्या ‘साँग ऑफ द साउथ’वर. त्या चित्रपटातल्या चलाख सशाच्या गोष्टी मूळच्या अमेरिकेतल्या काळ्या गुलामांच्या, आपल्या सशा-सिंहाच्या गोष्टीची भावंडे शोभतील अशा. पण चित्रपटाने त्या मळ्यावरच्या जिण्याला असा गोड मुलामा चढवला, की जणू तिथे सारे सुखातच होते. त्यात गोष्टी सांगणाऱ्या म्हाताऱ्याची भूमिका जेम्स बास्केट या काळ्या नटाने केली. पहिला खेळ अटलांटा शहरात झाला आणि तिथल्या वर्णभेदामुळे या नटाला स्वतःच्याच चित्रपटाच्या पहिल्या खेळाला जाता आले नाही. 1948 साली त्याला खास ऑस्कर मिळाले, त्याच वर्षी तो वारला. अमेरिकेत हा चित्रपट घरी पाहण्यासाठी कंपनीने कधीच विक्रीला काढला नाही. चित्रपट पेटीत बंद आणि त्याचेच प्राणी राईडमध्ये गाताहेत, असा हा तीस वर्षांचा संसार! त्यातले पुष्कळसे यांत्रिक प्राणीही दुसऱ्याच एका, 1988 साली बंद झालेल्या जुन्या खेळातून उचलून आणलेले होते. म्हणजे ‘जुनी’ म्हणून जिच्यासाठी लोक रडले, तीही कुणाच्या तरी जागेवर आणि कुणाच्या तरी सामानावरच उभी होती.

2020 साली बदल जाहीर झाला आणि 2023 मध्ये फ्लोरिडा व कॅलिफोर्निया या दोन्ही ठिकाणच्या स्प्लॅश माउंटन थांबल्या. 2024 मध्ये त्यांच्या जागी टियानाची राईड आली. टियाना ही 2009 सालच्या डिस्नीपटातली न्यू ऑर्लीन्सची नायिका, स्वतःची खाणावळ काढण्यासाठी राबणारी, आणि डिस्नीची पहिली काळी राजकन्या. उडी तीच, पाणी तेच. इथे मला झगा बदलला याचे दुःख होत नाही. ज्या काळ्या आईबापांनी आपल्या पोरांना घेऊन वर्षानुवर्षे त्या नावेतून प्रवास केला असेल, त्यांचा या निवाड्यावर हक्क माझ्याहून मोठा आहे. मात्र नॉर्वेचे ट्रोल कुणाचाही अपमान करीत नव्हते. त्यांना काढायला रांगेखेरीज दुसरे कारण नव्हते, म्हणून त्यांचे वाईट वाटते.

आपल्याकडे ही हवा अजून एवढी जोराची नाही. खोपोलीजवळच्या इमॅजिकामध्ये 2013 पासून ‘मिस्टर इंडिया’ची राईड आहे, समोर पडदा आणि चित्राबरोबर हलणाऱ्या खुर्च्या. 1987 सालचा तो चित्रपट पाहिलेले बाप आणि न पाहिलेली मुले शेजारी शेजारी बसतात. पण ती राईड चित्रपटासाठीच नव्याने बांधलेली, कुणाला उठवून बसलेली नव्हे.

जत्रेत मात्र एक गंमत झाली आहे. हवेने फुगवलेला रबरी घसरगुंडीचा किल्ला हल्ली प्रत्येक जत्रेत, अगदी आठवडी बाजारातही दिसतो. त्यावर कधी माकड असते, कधी हत्ती, कधी नुसतेच लाल-पिवळे पट्टे. आमच्याकडची पोरे त्या सगळ्यांना एकाच नावाने ओळखतात: मिकी माऊस. “बाबा, मिकी माऊसमध्ये जाऊ द्या की!” असा हट्ट धरून पोर हत्तीच्या पोटात शिरते आणि सोंडेवरून घसरत बाहेर येते. अमेरिकेतल्या मालकाला यातला एक पैसाही पोचत नाही, आणि पोराने त्याचा एकही चित्रपट पाहिलेला नसतो. दहा-पंधरा मिनिटे झाली की पंप चालवणारा शिट्टी वाजवतो, चपलांच्या ढिगातून ज्याची त्याने आपली जोडी शोधायची, आणि पलीकडे आकाशपाळण्याची रांग लागलेलीच असते.